रायखानचा वाटा

१

रुग्णालयात ते सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद रायखानलाच झाला होता. त्याआधी कुठल्या मजल्यावरचा प्रिंटर अडला, कुणाचा माउस मेला, कुणी पासवर्ड विसरलं, की हिने उठून जायचं. रुग्णालयाच्या तीन इमारती, मधल्या अंगणात स्तेपीवरून येणारं वारं असं की पापण्यांवर बर्फ धरायचा, आणि गुडघे तर चाळिशीतच कुरकुरायला लागलेले. मग प्रांताच्या आरोग्यखात्याने ती केंद्रीय प्रणाली पाठवली आणि तळघरातल्या एका खुर्चीत बसून तिला सगळ्या रुग्णालयाचे कॉम्प्युटर दिसायला लागले. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक कॉम्प्युटरची एक छोटी चौकट. चालू असला तर हिरवी, बंद असला तर राखाडी, आणि चौकटीखाली त्या कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाचं नाव. चौकटीवर टिचकी मारली की तो कॉम्प्युटर हिच्या ताब्यात. त्याचा बाण ही इथून हलवणार, त्याची दुरुस्ती ही इथून करणार, वाटलं तर त्याला झोपवणार, वाटलं तर उठवणार.

बसल्या जागी सगळं होतं, असं ती कौतुकाने सांगायची. बसल्या जागी म्हणजे काय, हे तिला हळूहळू कळत गेलं.

पूर्वी प्रिंटरच्या निमित्ताने प्रत्येक मजल्यावर दूध घातलेल्या चहाचा एक पेला व्हायचा. कुणाचा मुलगा लष्करात गेला, कुणाच्या सुनेने माहेर गाठलं, सगळं कानावर यायचं. आता फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी "कॉम्प्युटर का?" म्हणायचं, तक्रार सांगायचं आणि फोन आपटायचं. तिच्या कॉम्प्युटर खात्यात आणखी दोन पोरं होती, ती अल्माटीला निघून गेली. त्यांच्या जागा वरच्यांनी भरल्याच नाहीत, कारण काम तर होत होतं. तळघरात एका बाजूला धुलाईखाना आणि दुसऱ्या बाजूला गरम पाण्याचे जाडजूड नळ. ते नळ दिवसभर आतून ठोकल्यासारखे वाजायचे. त्यांच्याखेरीज तिच्याशी कुणी बोलत नव्हतं म्हटलं तरी चालेल.

तिची एक सवय मात्र तिने कुणालाच सांगितली नसती. दुपारच्या सुटीत ती एखादी चौकट मोठी करायची आणि नुसती बघत बसायची. बालविभागातला डॉक्टर एका बोटाने टाइप करायचा, नोंदणी खिडकीवरची मुलगी कामाच्या आड पत्ते खेळायची. त्यांचा बाण इकडून तिकडे फिरायचा आणि रायखानला वाटायचं, चला, कुणीतरी सोबतीला आहे. ती काही चोरी नव्हती, पण लाज मात्र चोरीसारखीच वाटायची.

हिवाळ्याच्या तोंडाला एका सकाळी नोंदणी खिडकीवरच्या त्याच मुलीचा फोन आला. तक्रार नव्हती. ती म्हणाली, "रायखान आपा, सकाळी आलात ते फार बरं झालं. प्रिंटर आता लोण्यासारखा चालतोय. आणि तो तुमच्या घटस्फोटाचा किस्सा! आमची अजून पोटं दुखतायत हसून."

रायखान सकाळी वर गेली नव्हती. त्या आठवड्यात ती एकदाही वर गेली नव्हती. तरी ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. कितीतरी दिवसांत कुणी तिच्याशी एवढं बोललं नव्हतं, आणि ते खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

२

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. रायखानच्या डोक्याने लगेच उत्तर शोधलं: प्रिंटरच्या कंपनीची कुणी बाई येऊन गेली असेल, आणि रुग्णालयात लोकांना पांढरा कोट दिसतो, त्यावरचं तोंड कुणी बघत नाही. घटस्फोटाचं काय, तर आजकाल कुणाचा झालेला नसतो?

दोन दिवसांनी बालविभागाच्या चौकटीखाली तिला तिचंच नाव दिसलं.

याचंही उत्तर होतं. कधीकाळी ती तिथे आपल्या नावाने शिरली असेल आणि बाहेर पडायचं राहिलं असेल. तिने चौकट मोठी केली. स्क्रीनवरचा बाण हलत होता. कुणीतरी अपडेट लावत होतं, अगदी रायखान लावते त्याच क्रमाने. आणि काहीही उघडण्याआधी तो बाण त्या चित्राभोवती एक गोल घिरटी घालत होता. ही तिची लहानपणापासूनची खोड. बोटाने मातीत रेघोट्या ओढतानाही ती आधी हवेत गोल काढायची. खात्यातली ती दोन पोरं यावरून तिला चिडवायची, की आपा, कॉम्प्युटरला ओवाळताय काय?

रायखानने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड म्हणजे आजोळच्या विहिरीचं नाव, जे गावाबाहेर कुणाला माहीत नव्हतं आणि आता गावही उरलं नव्हतं. बालविभागाच्या चौकटीखालचं नाव पुसलं गेलं. तिने उठून किटलीत पाणी ठेवलं. पाण्याला आधण यायच्या आत नाव परत आलं होतं.

तिने बालविभागात फोन लावला. नर्सने घेतला. रायखान तिथे आहे का, असं तिने स्वतःचंच नाव घेऊन विचारलं.

"आहे ना, इथंच बसलीय," नर्स म्हणाली. "देऊ का तिच्याकडे?"

रायखानने फोन खाली ठेवला आणि गुडघ्यांची पर्वा न करता जिने चढून वर गेली. कॉम्प्युटरसमोर कुणी नव्हतं. शेजारी तळाशी चहापत्ती राहिलेला रिकामा पेला होता. तिने खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची गरम होती, नुकत्या उठलेल्या माणसाची असते त्याहून बरीच जास्त, ताप भरलेलं माणूस बसून गेल्यासारखी. नर्सने औषधांच्या कपाटातून डोकं काढून तिला विचारलं, काही विसरलीस का. नाही, म्हणाली रायखान. खाली आली तेव्हा किटलीतलं पाणी निवलं होतं. चहा करायचा राहूनच गेला.

३

पासवर्ड चोरीला जाणं ही काही साधी गोष्ट नव्हे. कोण कुठल्या आजाराने पडलंय, कुणाला काय टोचायचं, सगळं त्या कॉम्प्युटरांत. तेव्हा उपप्रमुख अमांगेल्दीकडे जाऊन रीतसर सांगायचं, असं तिने ठरवलं. हा अमांगेल्दी मोठा बोलका गृहस्थ. पोट सुटलेलं, खिशात कायम सुकवलेल्या दह्याचे खडे, आणि थट्टा केल्याशिवाय घास गिळत नसे. तिने तोंड उघडायच्या आतच तो सुरू झाला.

"ये, ये. काय जादू केलीस गं स्वतःवर? परवा माझी बायको विचारत होती, तळघरातल्या त्या बाईला वाचा कशी फुटली म्हणून. आणि तुझी रजा मंजूर केलीय हं. शुक्रवारपासून जा. आजी होणं काय रोज घडतं?"

इथे थोडं मागे जायला हवं. रायखानची मुलगी तोगझान अस्तानाला असायची. नुकतीच बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. तिने आईला फोन केला होता की ये, निदान बाळाचे चाळीस दिवस होईपर्यंत तरी राहा. त्या चाळीस दिवसांत बाळावर परक्याची सावली पडू देत नाहीत, आणि तोगझानला नवऱ्याशिवाय घरचं असं कुणी नव्हतं. रायखान म्हणाली होती की वर्षअखेर आहे, सगळ्या कॉम्प्युटरांना नवं अपडेट जायचंय, इथे माझ्याशिवाय कोण बघणार. तोगझान म्हणाली होती, "मी लहान होते तेव्हा तरी तुला कुठं वेळ होता?" त्यानंतर दोघींचं बोलणं झालं नव्हतं. ते वाक्य रायखानच्या काळजात रुतून बसलं होतं आणि रोज दुखायचं, पण फोन उचलायचा धीर होत नव्हता.

"मी रजा मागितली नाही," ती म्हणाली.

"मागितली नाहीस?" अमांगेल्दी हसला. "काल याच खुर्चीत बसून रडलीस की. मुलीला कधी वेळ दिला नाही, म्हणालीस, आता नातवाला तरी देते. माझ्यासारख्या रेड्याच्या डोळ्यांत पाणी आणलंस."

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण जे मागायला हवं होतं तेच कुणीतरी मागितलं होतं, आणि ते ऐकताना तिला भीतीपेक्षा शरम जास्त वाटली. मग एक धूर्त विचारही मनात आला. चोराने केलेलं का होईना, काम झालं होतं. रजा मिळाली होती. ती स्वतःच शुक्रवारच्या दुपारच्या गाडीने गेली तर त्यात कुणाचं काय जात होतं?

बाहेर येऊन तिने मुलीला निरोप पाठवला की मी शुक्रवारी निघते. उत्तर लगेच आलं. "किती वेळा सांगशील आई? काल तासभर बोललो की आपण. मी इतकी हलकी झालेय काय सांगू. ये लवकर." पुढे लाल बदाम होते.

तो निरोप रायखानने जिन्यात उभं राहून पुन्हा पुन्हा वाचला. लेकीचा राग गेला होता आणि तो जाताना ती तिथे नव्हती.

४

गुरुवारी शारबानू आपाने तिला जेवायला बोलावलं होतं. शारबानू प्रसूती विभागाची मुख्य परिचारिका, रायखानहून बरीच मोठी. रायखान नवी होती तेव्हापासून तिने तिला धाकट्या बहिणीसारखं जपलं होतं. दर हिवाळ्यात घरी घोडा कापला की आपल्या माणसांचा वाटा वेगळा काढून ठेवायची तिची रीत, सगळ्यांचीच असते. त्या वाट्याला सिबागा म्हणतात, आणि ज्याच्या नावाचा असेल त्याच्याखेरीज त्याला घरातलं पोरसुद्धा शिवत नाही. गेल्या वर्षी रायखानला वर जायला फुरसत झाली नाही. तिचा वाटा वसंतापर्यंत बर्फात पडून राहिला आणि शेवटी शारबानूने रडत तो भिकाऱ्याला दिला, असं कुणीतरी सांगितलं होतं. यंदा काही झालं तरी जायचं, असं तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं.

ती जेवणाच्या सुटीत प्रसूती विभागाच्या चहाच्या खोलीत पोहोचली, तर शारबानू भांडी विसळत होती.

"अगं, परत?" शारबानू म्हणाली. "पोट भरलं नाही का अजून?"

टेबलावर ताटली होती आणि ताटलीत एक हाड. मांसाचा धागा शिल्लक नव्हता, पोकळीतला मगजही ओढून घेतलेला. हाताने केलेल्या शेवया, कांदा, चरबीचा तुकडा, काहीच उरलं नव्हतं.

"इतकी जेवलीस की मला भीतीच वाटली," शारबानू सांगत होती. "घरी काही शिजवतेस की नाही? आणि बोललीस किती! इतक्या वर्षांचं सगळं ओकलीस. बरं वाटलं गं मला. पण ते बाळाचं काय घेऊन बसली होतीस? बाळाला रात्री कोण जवळ घेतं, एकटं झोपतं का, पाळण्यापाशी कोण असतं. तुझा नातू, तुझी लेक, मी काय सांगणार? निखाऱ्यासारखे हात धरून ठेवले होतेस माझे."

बोलता बोलता तिने सवयीने रायखानचा हात हातात घेतला आणि ती थांबली. नळाखाली भांडी भिजत होती, पाणी तसंच वाहत राहिलं.

"हात किती गार आहेत तुझे."

"आपा," रायखान म्हणाली, "मी आत्ता आले. मघाशी आली होती ती मी नव्हते."

शारबानूने हात सोडला. रागावली नाही, हसलीही नाही. ती रायखानच्या तोंडाकडे बघत राहिली. परकं माणूस चुकून वॉर्डात शिरलं की परिचारिका बघते तशी ती नजर होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, "असं बोलू नये. जा, खाली जा तू."

रायखान वळली. दार ओढून घेतल्यावर मागून कडी सरकल्याचा आवाज झाला. इतक्या वर्षांत त्या खोलीला आतून कडी लावलेली तिने कधी ऐकली नव्हती.

५

तळघरात येऊन ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं नाही, राग आला. सरळ सांगायचं तर मत्सर वाटला. तिचे किस्से कुणीतरी सांगत होतं आणि लोक हसत होते. तिचं दुःख कुणीतरी रडून घेतलं होतं आणि तिच्या वाट्याचं मांस कुणीतरी हाडापर्यंत खाल्लं होतं. हे सगळं ती स्वतः करू शकली असती, कुणी तिचे पाय बांधले नव्हते, आणि राग नेमका त्याचाच येत होता.

तिने चौकटी धुंडाळल्या. प्रसूती विभागाच्या एका चौकटीखाली तिचं नाव होतं. तिने तो कॉम्प्युटर ताब्यात घेतला. पलीकडचं कुणी बाण एकीकडे ओढत होतं, ही दुसरीकडे. थोड्या वेळाने पलीकडची ओढ थांबली. रायखानने एक कोरं पान उघडलं आणि लिहिलं, "तू कोण?"

नळ ठोकत होते. धुलाईखान्यातलं यंत्र बंद पडलं आणि एकदम सामसूम झाली. मग पानावर एकेक अक्षर उमटायला लागलं.

"तळघरात कोण आहे?"

तिने लिहिलं, "मी आहे. रायखान."

पानावर कर्सरची उभी रेघ लुकलुकत राहिली. मग आलं, "तिथं कुणी बसत नाही. मी ती खोली केव्हाच सोडली." आणि लगेच त्याखाली, "माझ्या मुलीला त्रास देऊ नकोस."

पान मिटलं आणि चौकटीखालचं नाव गेलं.

रायखानने खोलीकडे बघितलं. पोरांच्या रिकाम्या खुर्च्या, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर, किटली. कुणीतरी खोडसाळपणा करत असणार, एखादं हुशार कार्टं, यापलीकडे काही असणं शक्य नाही, असं तिने स्वतःला बजावलं. मग नकळत तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागल्यासारखं वाटलं, ते बोट तसंच धरून ठेवलं, आणि त्याच्याकडे न बघताच स्वेटरला पुसून टाकलं.

६

शुक्रवारी सकाळी तिला उपाय सुचला, आणि तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावा असा तो होता.

त्या प्रणालीत प्रत्येक माणसाचं एक नाव असतं आणि सगळं त्या नावाला बांधलेलं असतं. कॉम्प्युटर उघडणं, दाराला लावायचं कार्ड, खाणावळीतलं जेवणसुद्धा. नोकरी सोडून गेलेल्याचं नाव बंद केलं की तो माणूस रुग्णालयापुरता संपला. त्या दोन पोरांची नावं तिनेच बंद केली होती. आज ती स्वतःचं नाव बंद करणार होती. एका स्टुलावर दोघी बसल्या असतील तर स्टूलच ओढून घ्यायचं, जी खरी असेल ती पायांवर उभी राहील, असा तिचा हिशेब. जी खोटी आहे तिच्याकडे त्या नावाखेरीज असणार काय? मग दुपारी शांतपणे गाडीत बसायचं. पिशवी भरून टेबलाखाली ठेवलेली होतीच.

प्रणालीने विचारलं, नक्की का? तिने बाणाने एक घिरटी घातली आणि हो म्हटलं.

मोठी स्क्रीन काळी झाली. सगळ्या चौकटी एकदम गेल्या, आणि तेव्हा रायखानला कळलं की इतक्या वर्षांत या खोलीतला उजेड त्यांचाच होता. ती अंधारात बसून राहिली. आता वर कुठेतरी कुणाचा तरी कॉम्प्युटर बंद पडला असेल, कुणीतरी गोंधळलं असेल, कुणीतरी पळत सुटलं असेल.

फोन वाजला. अमांगेल्दी होता.

"कोण आहे तिथं?" त्याच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "रायखान इथं माझ्यासमोर उभी आहे. तिचं नाव कुणीतरी बंद केलंय. ती म्हणते, खालून केलं. आम्ही प्रांताकडून दुसरं काढून घेतलंय. पण तुम्ही कोण बोलताय?"

"अमांगेल्दी, मी रायखान. आवाज ओळखत नाहीस का माझा?"

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखं झालं. दबक्या आवाजात कुणीतरी कुणाला काहीतरी विचारलं. मग एक बाई बोलली, शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. कुणाबद्दल तरी वाईट वाटत असावं असा तो सूर होता. अमांगेल्दी परत फोनवर आला आणि हळू म्हणाला, "थांबा तिथंच. मी माणसं पाठवतो."

तिने पिशवी उचलली आणि बाहेर पडली. मागे दार खट्‌कन लागलं. सवयीने तिने कार्ड लावून बघितलं, तर दिवा लाल झाला.

७

कोट तळमजल्यावर प्रवेशद्वाराशी टांगायचे, तिथे एक म्हातारी बसायची. कोट दिला की टोकन द्यायची, टोकन दिलं की कोट. रायखानने खिशातून टोकन काढून फळीवर ठेवलं. म्हातारी आकड्यांच्या खुंट्यांकडे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"हा कोट तर आत्ताच गेला. रायखानचा ना? टोकन हरवलं म्हणाली. रोजची आहे, ओळखते मी तिला, म्हणून दिला." मग तिने टोकनाकडे बघितलं, मग रायखानकडे. "तुम्हाला कुठं सापडलं हे?"

मोबाइल कोटाच्या खिशात होता. रायखान काचेच्या दाराकडे धावली. बाहेर बर्फावर ऊन इतकं पडलं होतं की क्षणभर काही दिसेना. पायऱ्यांखाली शारबानूच्या नवऱ्याची गाडी उभी होती, स्टेशनला जायच्या तयारीत. गाडीच्या उघड्या दारापाशी रायखानचा करडा कोट पाठमोरा उभा होता. समोर शारबानू त्याची कॉलर नीट करत होती, गळ्याशी शाल घट्ट गुंडाळत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या प्रेमाने रायखानच्या गळ्याशी कुणी शाल बांधली नव्हती. निदान तिला आठवत नव्हतं. वाऱ्याने छपरावरून उडणारा बर्फ त्या कोटाच्या खांद्यांवर पडत होता आणि पडल्या पडल्या वितळत होता.

ओरडायला हवं होतं. दार ढकलून, नाव घेऊन, जिवाच्या आकांताने. पण शारबानूने वर बघितलं असतं, दोघींना एकदम बघितलं असतं, मग ती कुणाच्या बाजूला सरकली असती? रायखान दाराच्या आतच राहिली. गाडी फाटकाबाहेर गेली.

फळीवर म्हातारीचा फोन होता. लेकीचा नंबर तिला तोंडपाठ होता, मोबाइल आले तरी तो तिने पाठ ठेवला होता. म्हातारीने हरकत घेतली नाही, ती फक्त आपलं स्टूल जरा मागे सरकवून बसली.

तोगझानने फोन उचलला. मागे बाळ कुरकुरत होतं. नातवाचा आवाज रायखान पहिल्यांदाच ऐकत होती.

"तोगझान, मी आई. नीट ऐक. आज रात्री जी येईल ती मी नाही. तिला दार उघडू नकोस. बाळ तिच्या हातात देऊ नकोस, पाळण्यापाशी जाऊ देऊ नकोस. ऐकतेस ना?"

बाळाचं कुरकुरणं लांब गेलं. तोगझान उठून दुसऱ्या खोलीत आली असावी.

"आईनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणाली, माझ्याच आवाजात एक फोन येईल."

"तोगझान, आयनालायिन, लाडके, तुला आठवतं का, तू लहान असताना मी कामावर जायची तेव्हा तू माझा एक बूट लपवून ठेवायचीस, मी जाऊ नये म्हणून. हे तिला कुठून कळणार?"

"तेही ती सांगेल, असं म्हणाली होती." तोगझानचा आवाज मऊ होता. दारी आलेल्या अनोळखी म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं ती अदबीने बोलत होती. "हे बघा, तुम्ही ज्या कुणी असाल, तुमच्यावर माझा राग नाही. तुमचं मागे कुणी राहिलं नसेल. आज शुक्रवार आहे. गेलेल्यांसाठी पोळ्या तळतात, तशा मी तुमच्या नावानं तळते, शेजारीपाजारी वाटते. तेवढं घ्या आणि शांत व्हा. पण परत फोन करू नका, घरात बाळ आहे."

फोन बंद झाला. रायखान रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली. किती वेळाने तळशील, एवढंच तिला विचारायचं होतं. तिला फार भूक लागली होती.